हक्कसोडपत्रातली स्वखुशी कोणी तपासायची?

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागू लागली आणि खानदेशात एक जुना वाद नव्याने पेटला. वर्षानुवर्षे बापाच्या, कुठे आजाच्याही नावावर तसाच पडून असलेला उतारा निघाला, तेव्हा त्यावर भावांच्या जोडीला बहिणींची नावे होती; लग्न होऊन दोन तपे उलटलेल्या, सुरत-नाशिक-पुण्याकडे नांदणाऱ्या बहिणींची. मग रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारापर्यंत पारावर, लग्नाच्या मांडवात आणि मोबाईलवरच्या भावकीच्या गटांत एकच चर्चा सुरू झाली: बहिणीने हक्कसोड करून द्यावे की नाही? एका पक्षाच्या मते हिस्सा मागणारी बहीण हावरी आणि जावयाच्या शिकवणीने चालणारी असते. दुसऱ्या पक्षाच्या मते हिस्सा सोडणारी बहीण भोळी आणि पिचलेली असते. दोन्ही पक्ष बहिणीच्या स्वभावाची परीक्षा घेत बसले आहेत; ज्या कागदाने तिचा हक्क कायमचा सुटतो तो कागद कसा तयार होतो, त्यावर सही कोणत्या परिस्थितीत होते आणि त्या वेळी तिला कोण काय विचारते, याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हक्क सोडणे हाही हक्कदाराचा अधिकार आहे, तो काढून घेण्याचे कारण नाही, आणि भावाला जमीन देणाऱ्या बहिणीला शहाणपण शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण आज आपल्याकडे जी हक्कसोडपत्रे होतात, त्यातली ‘स्वखुशी’ ही बहुतेक वेळा छापील मसुद्याचा भाग असते. तिची शहानिशा करण्याची जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे, आणि ‘वाटणी नाहीतर हक्कसोड’ या दोनच वाटा आहेत हा समज मोडला पाहिजे.

या वादात कायद्याविषयी इतके काही चुकीचे बोलले जाते, की आधी थोडी जमीन साफ करावी लागेल. मुलींचा हक्क २००५ मध्ये दिल्लीहून अचानक आला, असे अनेक जण मानतात. वास्तविक १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि बापाची आई यांना पहिल्या वर्गाचे वारस ठरवून सारखा हिस्सा दिला होता. राहिला होता तो एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क. तोही महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना दिला, फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हे वगळणे संपले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बाप हयात असला पाहिजे ही अडचणही दूर केली. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत, हे बहिणींच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. तात्पर्य, सातबाऱ्यावर नाव लागल्यामुळे बहिणीला काही नवे मिळालेले नाही. फेरफार नोंद हक्क निर्माण करत नाही आणि नष्टही करत नाही. हक्क होताच, तो कागदावर दिसला एवढेच.

तसेच, नोंद होऊ नये म्हणून गावच्या तलाठ्यासमोर (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव अजून तलाठीच म्हणते) साध्या कागदावर ‘आम्हाला हिस्सा नको’ असा जबाब दिल्याने हक्क सुटत नाही. स्थावरावरचा हक्क सोडायला नोंदणीकृत दस्तच लागतो. आणि बाप धडधाकट असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क मुलींकडून लिहून घेण्याची जी दूरदृष्टी काही घरांत दाखवली जाते, तिला सहसा कायद्यात किंमत नाही, कारण जो हक्क अजून जन्मालाच आलेला नाही तो सोडणार कसा? वारसा मिळण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून सांगतो आहे.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. जमिनीचे तुकडे होतात, असे ते म्हणतात, आणि हे खोटे नाही. ठिबक अंथरलेली, तापीच्या काठावरून कर्ज काढून पाइपलाइन आणलेली केळीची बाग चार जणांत कशी कापायची? एक विहीर, एक वीजजोडणी, शेतात जायला एकच गाडरस्ता. जो हा प्रश्न हसण्यावारी नेतो त्याने कधी बांधावरचे भांडण पाहिलेले नाही. परंतु हिशेब मांडून पाहू. सहा एकर जमीन, बाप वारलेला, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. जमीन बापाच्या स्वतंत्र मालकीची असेल तर पाच वारसांना प्रत्येकी एक पंचमांश. ती एकत्र कुटुंबाची असेल तर बाप, आई आणि चार मुलांना आधी प्रत्येकी एक षष्ठांश, मग बापाच्या षष्ठांशाचे पाच भाग, आणि बेरीज पुन्हा एक पंचमांशच. (स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, यावर डोकी फोडणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे, फरक पडतो तो मुख्यतः बापाला किती मिळकतीचे मृत्युपत्र करता आले असते, यात.) प्रत्येकाच्या वाट्याला आले ४८ गुंठे. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी २०२३ मध्ये ठरवलेले प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान भाग म्हणजे तुकडा) जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. म्हणजे तुकडेबंदी कायद्याच्या दृष्टीने येथे तुकडा पडतच नाही.

पण समजा, जमीन दोनच एकर असती आणि तुकडा पडला असता. मग काय? तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा जमीन तोडू नका असे सांगतो. हिस्सेदाराला उपाशी ठेवा असे कुठेही सांगत नाही. वाटप केल्यास तुकडा पडणार असेल, तर जमीन एकाकडे ठेवून दुसऱ्याला भरपाई देण्याची सोय त्याच कायद्यात आहे. परका माणूस शेतात येईल ही भीतीही कायद्याला ठाऊक आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसाने मिळालेला हिस्सा विकायचा झाल्यास तो आधी घेण्याचा अग्रहक्क बाकीच्या वारसांना असतो, किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय ती ठरवते, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. राहत्या घराचेही तसेच: घरातला हिस्सा परक्याला विकला गेला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याने घरच्यांना तो हिस्सा रास्त किमतीत विकत घेता येतो. भावाने वडिलांच्या जागेवर स्वतःच्या पैशाने स्लॅबचे घर बांधले असेल, तर वाटपात शक्यतो तोच भाग त्याला देण्याकडे न्यायालयांचा कल असतो. मग ‘तुकडे’ या शब्दाआड खरा आक्षेप कोणता आहे? चार भावांची खातेफोड गाव निमूट पाहते, मोजणीदाराला चहा पाजते आणि बांधावर दगड पुरते. त्या वेळी तुकड्यांची आठवण कोणाला होत नाही. पाचवा हिस्सा बहिणीचा निघाला की एकाएकी शेतीचे अर्थशास्त्र आठवते.

दुसरा मुद्दा भावाच्या कष्टांचा. तो अधिक सच्चा आहे, म्हणून त्याला अधिक आदराने उत्तर दिले पाहिजे. बहीण लग्न होऊन गेली, भाऊ मागे राहिला. त्याने विकास सोसायटीचे थकलेले कर्ज फेडले, बापाचे दवाखाने केले, आईला सांभाळले, दुष्काळात जमीन विकू दिली नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात किंवा इंदूर-मनमाड रेल्वेच्या भूसंपादनात त्याच जमिनीला मोल आले आणि मग नाव उताऱ्यावर असलेली, पण पंधरा वर्षांत बांधावर न आलेली बहीण हिस्सा मागायला उभी राहिली. अशा वेळी भावाचा जीव तुटतो, यात नवल नाही. जावई मागे बसून सूत्रे हलवतात, हेही अनेक घरांत खरे असते. पण या सगळ्याचे उत्तर बहिणीचा हिस्सा शून्य करणे हे आहे, की हिशेब करणे हे आहे? बापाचे कर्ज त्याच्या मिळकतीतून फेडायचे असते. भावाने ते फेडले असेल तर बहिणीच्या हिश्शावरही त्याचा प्रमाणशीर बोजा येतो, आणि तसा हिशेब भावाने अवश्य मागावा. विहीर, पाइपलाइन, जमिनीची सुधारणा यांचाही हिशेब मांडता येतो. बापाला सेवेची परतफेड करायची होती, तर आपल्या मिळकतीचे, एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आपल्या हिश्शापुरते, मृत्युपत्र करायला त्याचा हात कोणी धरला नव्हता. आणि सांभाळण्याचे म्हणाल, तर विवाहित मुलीवरही आईबापांच्या पोटगीची जबाबदारी येते असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९८७ मध्ये ठरवले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानेही मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही. तिच्याकडून जबाबदारी मागा. ती टाळत असेल तर चारचौघांत जाब विचारा. पण जबाबदारी आधी मागायचीच नाही आणि नंतर ती पार पाडली नाही म्हणून हिस्सा नाकारायचा, हा न्याय कोणता?

‘तिच्या लग्नात दिले ना’ हे उत्तर मी फार वेळ विचारात घेणार नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम वारसाहक्कातून वळती करून मागणे म्हणजे चोरीच्या मालाची पावती दाखवणे. शिवाय ती रक्कम गेली सासऱ्याच्या खिशात आणि मांडवाच्या खर्चात. भावाच्या लग्नात उडालेले पैसे त्याच्या हिश्शातून कापले गेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

राहिला नात्याचा मुद्दा, आणि तो सर्वांत हळवा आहे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो, घागर भरून पितरांना जेवू घातले जाते. ज्या दिवशी पितरांचे स्मरण, त्याच दिवशी लेकींचे येणे, असा हा सण आहे. बहिणीने हिस्सा मागितला की आखाजीचे मूळ येत नाही, न्यायला मुराळी येत नाही, भाचीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. ही भीती प्रत्येक बहिणीला ठाऊक आहे आणि तिचे वजन शहरात बसून हक्काच्या गप्पा मारणाऱ्यांना कळत नाही. अनेक बहिणी पूर्ण शुद्धीत, पूर्ण हिशेब करून, चार बिघे जमिनीपेक्षा माहेर राखणे पसंत करतात. त्यांच्या निवडीला मी भोळेपणा म्हणणार नाही. परंतु या निवडीची अट कोणी घातली, हा प्रश्न उरतोच. भावाला माहेर राखण्यासाठी काही लिहून द्यावे लागत नाही. आणि ज्या आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, वर्ष संपते, नव्या सालाचा आकडा चारचौघांत बोलून ठरतो, त्या गावाला व्यवहाराची भाषा परकी आहे असेही नाही. बहिणीच्या हिश्शाचा आकडा तेवढा कोणी मोठ्याने उच्चारत नाही. तो उच्चारला गेला, तो किती आहे हे तिला कळले आणि मग तिने तो सोडला, तर त्याला औदार्य म्हणता येईल. आपण काय सोडतो आहोत हेच ज्याला सांगितलेले नाही, त्याचे औदार्य ते कसले?

म्हणून त्या कागदाकडे वळू. तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर दस्तलेखकाच्या टेबलावर हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असतो. नावे, गट नंबर आणि चतुःसीमा बदलल्या की झाले. ‘आम्ही आमच्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, विनामोबदला’ ही ओळ आधीच टाइप केलेली असते. विनामोबदला हक्कसोडाला आता पाचशे रुपयांचा मुद्रांक पुरतो. भावाने गाडी करून बहिणींना आणलेले असते, नव्या साड्या नेसलेल्या असतात, दोन साक्षीदार भावाच्याच मित्रांपैकी असतात. नंबर पुकारला की एकेकीने कॅमेऱ्यासमोर बसायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा, ‘सही तुमचीच ना’ याला मान हलवायची. कोणाला किती गुंठे जमीन जाते आहे, तिची आजची किंमत काय, हा कागद पुन्हा फिरवता येत नाही हे तिला माहीत आहे का, यातले काहीही विचारले जात नाही. यात त्या कारकुनाचा दोष नाही; नोंदणी कायद्याने त्याच्यावर एवढेच काम टाकले आहे की दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे आणि तिने तो करून दिल्याचे मान्य केले आहे, याची खात्री करावी. व्यवहार न्याय्य आहे का, हे पाहणे त्याच्या कक्षेत नाही. पुढे एखादीला वाटलेच की आपण फसलो, तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि दस्त रद्द करून मागण्याची मुदत ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षे. तोंडी कबूल केलेले दोन तोळे किंवा ‘पोराच्या शिक्षणाला मदत करू’ हे आश्वासन त्या ‘विनामोबदला’ शब्दाने त्याच दिवशी पुसले गेलेले असते.

या सगळ्यात ज्या बाईची चर्चा कोणीच करत नाही ती म्हणजे आई. बहिणींबरोबर आईचाही अंगठा त्याच दस्तावर घेतला जातो. ‘तिला काय करायची जमीन, पोरंच सांभाळणार ना’ या एका वाक्यावर. कायद्याने तिचा हिस्सा मुलाइतकाच. वरच्या उदाहरणातले ४८ गुंठे तिचे स्वतःचे होते, तिच्या हयातीत कोणी तिला त्यावरून उठवू शकले नसते, आणि जो मुलगा नीट सांभाळील त्याच्या नावे ते मृत्युपत्राने देण्याची ताकद तिच्या हातात राहिली असती. दुपारी दस्त झाला आणि संध्याकाळपासून ती स्वतःच्याच घरात आश्रित झाली. मग दोन मुलांमध्ये सहा-सहा महिन्यांच्या पाळ्या, मग औषधाच्या पैशावरून कुरबुरी, मग कधीतरी उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगीचा अर्ज. बहिणीच्या हक्कसोडाला नात्याचे, माहेराचे काही तरी समर्थन देता येते. आईच्या हक्कसोडाला मला एकही समर्थन सापडत नाही; ज्या मुलाला तिला सांभाळायचेच आहे, त्याला तिच्या नावाची अडचण का व्हावी?

‘पण तिने स्वतः सही केली, मग सरकारने मध्ये का पडावे?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच महसूल इतिहासात आहे. १९४८ चा कूळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळच मालक मानले जाणार असे ठरले, तेव्हा मुंबई राज्यात कुळांच्या राजीनाम्यांचे पेव फुटले. प्रत्येक राजीनाम्यावर कुळाचा अंगठा, आणि प्रत्येक राजीनाम्यात तीच राजीखुशी. मालक म्हणत, आम्ही कोणावर जबरदस्ती केली? कूळ आपल्या मनाने जमीन सोडते आहे. तेव्हाच्या सरकारने या अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही. राजीनामा लेखी हवा आणि तो मामलेदारापुढे पडताळला गेला पाहिजे. कुळाला आपण काय सोडतो आहोत आणि त्याचा परिणाम काय हे समजले आहे आणि तो हे स्वेच्छेने करतो आहे, याची चौकशी करून मामलेदाराची खात्री झाली पाहिजे, अशी तरतूद केली. का केली? कूळ बिनडोक होते म्हणून? तसे मुळीच नाही. ज्याच्या ओट्यावर उभे राहून बी-बियाणाला पैसे मागायचे, ज्याच्या शब्दावर लेकीचे लग्न अडायचे, त्याच्या सांगण्यावरून केलेली सही ही मोकळी सही नसते, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना समजले होते. माहेर तुटण्याच्या धाकाखाली केलेली सही याहून किती मोकळी असते?

खानदेशाला तर हा धडा दोनदा मिळाला आहे. १९७० च्या दशकात शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि खोट्या खरेदीच्या कागदांनी गेल्याविरुद्ध मोठा लढा उभा राहिला. त्या कागदांवरही सह्या-अंगठे होतेच. १९७४ मध्ये राज्याने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय देता येणार नाही असे ठरवले आणि आधी गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदाही केला. असमान माणसांमधल्या करारात अंगठ्याच्या मागे जाऊन पाहावे लागते, हे तत्त्व येथे एकदा मान्य झाले ते आजतागायत आहे. (त्याच सातपुड्यातली आदिवासी लेक मात्र हक्कसोडाच्या वादापर्यंतही पोहोचलेली नाही. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागूच नाही, आणि नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला. कायदा करण्याचे काम संसदेकडे अजून पडून आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.)

परंपरेचा दाखला देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजी अमदानीत मद्रासेकडे किंवा बंगालमध्ये मुलगा आणि विधवा मागे न ठेवता वारलेल्या बापाची मिळकत मुलीकडे आली, तर ती तिला फक्त हयातीपुरती मिळे. खानदेश ज्यात होता त्या मुंबई इलाख्यात मात्र ती मुलीच्या पूर्ण मालकीची होई. म्हणजे लेकीच्या हातात जमीन गेली की घराण्याचा नाश होतो ही समजूत आपल्याकडच्या जुन्या शास्त्री-पंडितांची आणि न्यायालयांचीही नव्हती. हिंदू कोड बिलाच्या वेळी, डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्या काळात, विरोधकांनी घरे फुटतील, भाऊ-बहीण वैरी होतील, शेतीचे तुकडे पडतील असे सांगितले होते. आज तीच वाक्ये मोबाईलवर फिरतात. मधल्या काळात शेतीचे तुकडे पडले खरे, पण ते पाडायला बहिणींची गरज लागली नाही.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, उताऱ्यावर नाव असणे आणि जमीन वाटून मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भावांनीही समजून घ्यावे. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू द्यावे, जमीन भावाने कसावी, उत्पन्नातले काही द्यायचे की नाही हे त्यांनी आपसात ठरवावे. लेक नांदत असेल तोवर तिला कदाचित त्या ४८ गुंठ्यांचे काही वाटणारही नाही. पण उद्या नवरा वारला, त्याने टाकून दिले किंवा सासरी जगणे अशक्य झाले, तर माहेरच्या दारात ती पाहुणी म्हणून उभी राहणार नाही. यावर भावांची एक खरी अडचण आहे आणि ती मी मान्य करतो: सामाईक खातेदार असले की पीककर्ज, शेततळ्याचे अनुदान, वीजजोडणी, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांची संमतीपत्रे मागतात, आणि सुरतेतल्या बहिणीच्या सहीसाठी हंगाम निघून जातो. पण ही अडचण कार्यालयांनी निर्माण केलेली आहे. एकदाच नोंदवलेले मर्यादित मुखत्यारपत्र, ज्यात कसण्याचे, कर्जाचे आणि अनुदानाचे अधिकार भावाला आणि विक्रीचा अधिकार मात्र राखून ठेवलेला, एवढ्याने ती बहुतांश सुटते. बँका आणि कृषी कार्यालये असा एक सोपा नमुना सगळीकडे स्वीकारू लागली, तर हक्कसोडासाठी दिले जाणारे निम्मे निमित्त संपेल.

दुसरे म्हणजे, हक्कसोड करायचेच असेल तर कुळाच्या राजीनाम्याला जी पडताळणी लागत होती ती याला लावावी. दस्तात सुटणाऱ्या हिश्शाचे क्षेत्र आणि शीघ्रसिद्धगणकाप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) त्याची किंमत आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली असावी. हक्क सोडणाऱ्या प्रत्येकीला अधिकाऱ्याने एकटीला, भाऊ आणि नवरा दोघेही बाहेर असताना, तिच्या बोलीत ते सांगावे. मसुदा हातात पडल्यावर काही दिवसांनीच सही व्हावी. मोबदला दिला जात असेल तर तो उघड लिहिला जावा, आणि तो लिहिला तर मुद्रांक शुल्क वाढते म्हणून लपवला जाणार नाही, इतकी सवलत सरकारने द्यावी. यावर आक्षेप येईल की कार्यालयांवर आधीच कामाचा डोंगर आहे, चौकशीच्या नावाखाली चहापाण्याची नवी खिडकी उघडेल. दुसरी भीती निराधार नाही. पण त्याच कार्यालयात आज फोटो काढतात, अंगठा जुळवतात, आधार तपासतात. दहा मिनिटे जास्त बोलायला वेळ नाही, असे म्हणणे पटत नाही. आणि मला तर वाटते की या दहा मिनिटांचा सर्वांत मोठा फायदा त्या भावाला होईल ज्याच्या बहिणीने खरोखरच मनापासून जमीन सोडली आहे. वीस वर्षांनी भाच्याने दावा लावला, तर आज त्या भावाच्या हातात छापील मसुद्यातल्या एका ओळीपलीकडे काही नसते. उद्या त्याच्याकडे अधिकाऱ्याने नोंदवलेला बहिणीचा स्वतःचा जबाब असेल.